तयार दृश्य-परिणाम आणि आपले चित्रण : एक अभ्यास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे निघाली. पैसा नाही, साधने अपुरी, तरीही आपले स्वतःचे पत्र असलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. इतरांच्या पत्रांतून आपल्या माणसांची बाजू जशी आहे तशी येत नव्हती, हे त्याचे कारण होय.

आज छापखान्याचे बरेचसे काम मोबाईल करतो. भीमजयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, वर्षावासातील धम्मदेसना असो की एखाद्या घरचा मंगल परिणय असो, वस्तीतील दोन-चार तरुण चित्रण करतात आणि रात्री जागून संगणकावर त्याचे संपादन करतात. ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. तथापि हे संपादन करताना अनेक निर्णय आपण घेत नाही, सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरून ठेवलेले 'प्रीसेट' घेतात. यादीतील नाव निवडले, क्लिपवर ओढून सोडले की चित्राचे रूप पालटते. ते कसे पालटते, आणि पालटताना आपल्या माणसांचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रीसेट म्हणजे काय?

प्रीसेट म्हणजे कोणीतरी आधी जुळवून, नाव देऊन साठवलेली आकड्यांची यादी. उजेड इतका, रंगाची गडदता इतकी, कडा इतक्या धूसर, अशी मूल्ये त्यात असतात. जेथे हालचाल असते तेथे 'कीफ्रेम' असतात, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते मूल्य असावे याच्या खुणा. स्वयंपाकघरात मसाल्याचे तयार पाकीट असते तसलाच हा प्रकार. पाकीट भरणाऱ्याने आपली भाजी पाहिलेली नसते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढचा विषय सोपा जातो.

हा प्रकार काही नवा नाही. अमेरिकेतील न्यूटेक कंपनीने १९९० मध्ये अमिगा संगणकासाठी 'व्हिडिओ टोस्टर' आणला, तेव्हापासून कमी खर्चात तयार परिणाम वापरणे शक्य झाले. आपल्याकडील लग्नाच्या कॅसेटमध्ये बदामाच्या आकारात उघडणारी वधू-वरांची चित्रे पुष्कळांना आठवत असतील. तीही मिक्सर यंत्रात बसवून आलेली असत, कॅमेरावाल्याने ती रचलेली नसत. असो.

कीफ्रेमविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. 'प्रीमियर प्रो' मध्ये आपण जुळवलेला परिणाम साठवताना सॉफ्टवेअर तीन पर्याय पुढे ठेवते : क्लिपच्या लांबीप्रमाणे ताणणे, सुरुवातीच्या टोकाला बांधणे, किंवा शेवटच्या टोकाला बांधणे. समजा, १० सेकंदांच्या क्लिपवर आपण शेवटच्या १ सेकंदात चित्र काळे होत जाईल असा परिणाम केला आणि तो 'ताणणे' या पर्यायाने साठवला. तोच पुढे ५ मिनिटांच्या भाषणावर टाकला, तर काळे होणे शेवटची ३० सेकंदे चालते. वक्ता समारोप करीत आहे आणि पडदा हळूहळू अंधारत आहे असे दृश्य तयार होते. पुष्कळजण अशा वेळी संगणकाला दोष देतात. शेवटच्या टोकाला बांधण्याचा पर्याय निवडला असता तर क्लिप कितीही लांब असो, काळे होण्यास एकच सेकंद लागला असता.

आधी दुरुस्ती, मग सजावट

रंग पालटणाऱ्या प्रीसेटमध्ये सर्वांत जास्त वापरला जातो तो 'लट'. हा एक तक्ता असतो. चित्रातील ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा यांचा अमुक मेळ आला तर त्याजागी तमुक मेळ ठेवावा, असे त्यात लिहिलेले असते. तिन्ही रंगांच्या प्रत्येकी ३३ पायऱ्या धरल्या तर ३५,९३७ नोंदी होतात, आणि मधल्या छटा संगणक हिशोबाने काढतो. तक्त्याला चेहरा कळत नाही, भिंत कळत नाही, चीवर कळत नाही. आकडा आला की आकडा बदलणे एवढेच त्याचे काम.

म्हणून मूळ चित्र नीट नसेल तर लट त्याचा दोष वाढवतो. शिवाय पुष्कळसे लट हे 'लॉग' पद्धतीच्या चित्रणासाठी केलेले असतात. मोठे कॅमेरे या पद्धतीने मुद्दाम फिकट, राखाडी चित्र घेतात, आणि लट त्यात जोर भरतो. आपल्या साध्या मोबाईलने मात्र तो जोर आधीच भरून दिलेला असतो. त्यावर पुन्हा तोच लट टाकला की उजेडाच्या जागा पांढऱ्याफटक होतात आणि सावलीच्या जागा काळ्याठिक्कर. विहारातील ट्यूबलाइटच्या उजेडात मागच्या ओळीत बसलेली सावळी माणसे अशा चित्रात फक्त डोळ्यांच्या आणि दातांच्या रूपाने उरतात.

यासाठी क्रम पाळावा. प्रथम पांढरा रंग पांढरा दिसेल असे करावे, आणि आपल्या कार्यक्रमात उपासक-उपासिकांची शुभ्र वस्त्रे असल्याने त्याची पारख करणे सोपे आहे. मग उजेड जुळवावा. त्यानंतरच प्रीसेट, आणि तोही अर्ध्या-पाव प्रमाणात. 'डाविंची रिझॉल्व्ह' च्या मोफत आवृत्तीत रंगाच्या पानावर पहिला नोड दुरुस्तीसाठी आणि दुसरा प्रीसेटसाठी ठेवावा, मग दुसऱ्या नोडचा 'की आउटपुट गेन' १ वरून ०.४ च्या आसपास आणून पाहावा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय सापडत नाही तेथे एक जुनी युक्ती आहे. त्याच क्लिपची प्रत वरच्या ट्रॅकवर बरोबर त्याच जागी ठेवावी, प्रीसेट फक्त वरच्या प्रतीवर टाकावा आणि तिची अपारदर्शकता ४० टक्क्यांवर आणावी. खालचे खरे चित्र वर झिरपते. ही युक्ती जवळपास सर्वत्र चालते.

ट्यूबलाइटचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साध्या चोकवाल्या नळ्या सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० ठेवला तर चित्र फडफडत नाही. नंतर प्रीसेट लावून ही फडफड घालवणे खर्चिक आणि अर्धवटच साधते. ते काम चित्रण करतानाच करावे.

कातडीचा रंग आणि गोंदण

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मोबाईलच्या अॅपमध्ये आणि संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येही 'सौंदर्य', 'तजेला', 'मुलायम' अशा अर्थाच्या नावांचे प्रीसेट असतात. ते दोन कामे करतात : चेहऱ्याचा भाग ओळखून तो धूसर करतात आणि त्याची उजळता वाढवतात. म्हणजे सुरकुत्या पुसल्या जातात आणि माणूस गोरा होतो.

असे का व्हावे, याला इतिहास आहे. कोडॅक कंपनी फोटोच्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना-छायाचित्र पुरवीत असे. त्यात एक गोरी स्त्री असे, आणि त्या कार्डाला 'शर्ली कार्ड' हेच नाव पडले होते. शर्लीची कातडी बरोबर आली की रंग बरोबर आले असे धरले जाई. काळ्या-सावळ्या माणसांचे फोटो त्या मापाने बिघडत. १९९० च्या दशकात निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेले कार्ड निघाले. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये या विषयावर विस्ताराने लिहिले आहे. त्यात एक विलक्षण माहिती अशी की, गडद तपकिरी छटा फिल्मवर नीट उमटत नाहीत ही तक्रार चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनीही केली होती आणि सुधारणेला त्या तक्रारीने हातभार लावला. माणसांच्या तक्रारीपेक्षा फर्निचरची तक्रार लवकर ऐकली जाते, हा अनुभव आपल्या वाचकांना अपरिचित नाही.

उलट याच सॉफ्टवेअरमध्ये एक असे साधन आहे की जे पाहून कोणालाही आश्चर्य वाटावे. त्याला 'व्हेक्टरस्कोप' म्हणतात. गोल चौकटीत चित्रातील रंग ठिपक्यांच्या रूपाने दिसतात. ठिपके कोणत्या दिशेला आहेत त्यावरून रंगाची जात कळते, आणि केंद्रापासून किती दूर आहेत त्यावरून त्याची गडदता. या गोलात एक तिरपी रेषा दाखवता येते, तिला त्वचेची रेषा म्हणतात. रिझॉल्व्हमध्ये ती सुरू करण्याचा पर्याय आहे. 'केडेनलाइव्ह' या पूर्णपणे मोफत सॉफ्टवेअरमध्येही तशी रेषा दिसते. नीट उजेडात चित्रण केलेला कोणताही चेहरा घ्या, गोरा, गव्हाळ, सावळा किंवा काळा, त्याचे ठिपके या एकाच रेषेच्या आसपास येतात. कातडीखाली वाहणारे रक्त सर्वांचे एकच असल्याने रंगाची दिशा बदलत नाही. बदलते ती मुख्यतः उजळता, आणि ती या गोलात मोजलीच जात नाही.

याचा व्यवहारातील उपयोग असा. चेहरा हिरवट किंवा जांभळट दिसत असेल तर ठिपके रेषेवर आणावेत, एवढी दुरुस्ती योग्य. उजळता वाढवून माणसाचा वर्ण बदलणे ही दुरुस्ती नव्हे. सावळा चेहरा अंधारात गेला असेल तर त्याच्यावरील उजेड वाढवावा, परंतु शेजारच्या पांढऱ्या साडीशी त्याचे नाते जसे होते तसे राहिले पाहिजे. मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत स्टुडिओवाले न विचारता तिला दोन छटा गोरी करून देतात. घरच्यांनी ते स्पष्ट नाकारावे.

गोंदणाचे तर याहून वाईट होते. आपल्या आजी-पणजींच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवे गोंदण असे. अशा एखाद्या नव्वदीच्या आजी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या आठवणी सांगत आहेत, कोणाबरोबर गेलो, भाकरी कशी बांधून घेतली, गर्दीत काय दिसले ते सांगत आहेत, आणि संपादकाने त्यावर 'मुलायम' प्रीसेट टाकला, अशी कल्पना करा. त्या प्रीसेटच्या लेखी गोंदण हा डाग आहे, सुरकुती हा दोष आहे. तो दोन्ही पुसतो. तो सोहळा प्रत्यक्ष पाहिलेली आणि तो आठवण्याइतकी त्यावेळी मोठी असलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्यांचे चित्रण म्हणजे दस्तऐवज आहे. अशा चित्रणावर उजेडाच्या साध्या दुरुस्तीपलीकडे काहीही करू नये, आणि मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवावी.

ध्वजाचा निळा रंग

गेली काही वर्षे चित्रपटांच्या अनुकरणाने एक प्रीसेट फार बोकाळला आहे. तो सावल्यांना हिरवट निळ्याकडे आणि चेहऱ्यांना नारिंगीकडे ढकलतो. पावसाळ्यातील सहलीच्या व्हिडिओला तो शोभतही असेल. परंतु मिरवणुकीच्या चित्रणावर टाकला की आपला निळा झेंडा मोरपंखी दिसू लागतो, आणि लहान पडद्यावर तर सरळ हिरवा वाटतो.

पंचरंगी धम्मध्वजाचेही तसेच. १८८५ मध्ये कोलंबो येथे वैशाख पौर्णिमेला हा ध्वज प्रथम फडकला आणि १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला. निळा, पिवळा, लाल, पांढरा आणि मांजिष्ठ, व शेवटच्या पट्ट्यात पाचांचा मेळ, अशी त्याची रचना आहे. वरील प्रीसेटमध्ये पिवळा व मांजिष्ठ एकमेकांत मिसळतात आणि पांढरा पट्टा पिवळट होतो. भिक्खूंच्या चीवराचे रंगही असेच एकसारखे होतात. कार्यक्रमाच्या चित्रणात ध्वज स्पष्ट दिसत असलेली एक फ्रेम बाजूला काढून ठेवावी आणि कोणताही रंग-प्रीसेट आधी तिच्यावर तपासावा. पाच रंग पाच दिसले तरच पुढे जावे.

'जुनी फिल्म'

या प्रीसेटविषयी मला काळजी वाटते ती सर्वांत जास्त. तो चित्र कृष्णधवल किंवा तपकिरी करतो, त्यावर ओरखडे, धुळीचे कण, किंचित थरथर आणि कडांना काळोख टाकतो. आमची मुले २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे नाट्यरूप सादर करतात, त्याचे चित्रण होते आणि त्याला 'जुनी फिल्म' लावली जाते. उत्साहाचे कौतुकच आहे. पण ती क्लिप पुढे ज्याच्या हाती जाते त्याला नाटकाचा फलक दिसत नाही. कोणीतरी सुरुवातीची ओळख कापतो, दुसरा 'दुर्मिळ चित्रफीत' असे लिहून पाठवतो, आणि दोन-तीन वर्षांत ते खरे चित्रण म्हणून फिरू लागते. मग एक दिवस कोणीतरी ते खोटे असल्याचे सिद्ध करतो आणि त्याबरोबर सत्याग्रहाविषयीच शंका घेतो. आपला इतिहास लिहिताना आधीच पुरावे मागितले जातात. त्यात बनावट पुराव्यांची भर आपणच घालू नये.

तेव्हा नियम असा ठेवावा : नाट्यरूपाला हा प्रीसेट लावायचाच असेल तर 'नाट्यरूपांतर' हा शब्द आणि सादरीकरणाचे वर्ष प्रत्येक फ्रेमवर, कोपऱ्यात, शेवटपर्यंत ठेवावे. सुरुवातीला एकदा दाखवून भागत नाही. जुन्या, अस्सल चित्रफितीला हा प्रीसेट कदापि लावू नये. खऱ्या ओरखड्यांवर खोटे ओरखडे चढले की पुढच्या अभ्यासकाला मूळ प्रत ओळखता येत नाही. संगणकाकडून कृष्णधवल छायाचित्रात रंग भरून घेण्याची सोय अलीकडे झाली आहे, तिलाही हेच लागू आहे. कोटाचा रंग यंत्राने अंदाजाने भरलेला असतो, तो पुरावा नव्हे.

अक्षरे, साचे आणि लखलखाट

शीर्षकांचे प्रीसेट बहुतेक रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. टाइपरायटरसारखे एकेक अक्षर उमटवणारा प्रीसेट घ्या. संगणकाच्या हिशोबी 'धम्म' म्हणजे ध, म, हलन्ताची खूण आणि पुन्हा म. त्यामुळे पडद्यावर आधी 'धम', मग 'धम्' आणि शेवटी 'धम्म' उमटते. 'बुद्ध' या शब्दाचीही तीच दशा. अक्षरांमधील अंतर वाढवणारा प्रीसेट लावला की शिरोरेषा तुटते. यावर उपाय म्हणजे पूर्ण शब्द किंवा पूर्ण ओळ एकदम उजळत येणारा साधा परिणाम वापरावा. प्रीमियरमध्ये मात्रा-वेलांट्या सुट्या पडत असतील तर पसंतीच्या यादीत अक्षरमांडणीसाठी दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय आहे, तो निवडावा.

लग्नाच्या तयार साच्यांत सुरुवातीला गणपती, कलश, मंगलाष्टकांची नक्षी बसवलेली असते. बावीस प्रतिज्ञांतील तिसरी प्रतिज्ञा घेतलेल्या घरी, बुद्धवंदनेने झालेल्या मंगल परिणयाचा व्हिडिओ गणपतीने सुरू होतो, तेव्हा स्टुडिओवाल्याचा हेतू वाईट असतोच असे नाही. साच्यात होते ते आले. आगाऊ रक्कम देतानाच सुरुवातीचे शीर्षक कसे असावे हे कागदावर लिहून द्यावे. बाबासाहेबांच्या छायाचित्रामागे फिरणारे किरण आणि वरून फुलांचा पाऊस हाही असाच साचा आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत ज्यांनी राजकारणातील भक्तीविरुद्ध बजावले, त्यांच्या छायाचित्राला तेजोवलय लावताना आपण जरा थांबावे असे मला वाटते. काहींना हे मत पटणार नाही, त्यांच्या श्रद्धेचा मी अनादर करीत नाही.

झगमग उघडझाप करणाऱ्या परिणामांबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या मालिकेच्या एका भागात लाल-निळा प्रकाश वेगाने लखलखला आणि सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. फेफऱ्याचा विकार असलेल्यांना असा प्रकाश घातक ठरतो. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नसावा हा आता मान्य झालेला संकेत आहे. जयंतीच्या मोठ्या एलईडी पडद्यासमोर लहान मुले सर्वांत पुढे बसलेली असतात. तेव्हा 'फ्लॅश', 'ग्लिच', 'स्ट्रोब' या नावांचे प्रीसेट तेथे वापरूच नयेत.

आपलाच प्रीसेट

वरील सर्व वाचून प्रीसेट वापरूच नयेत असे कोणी समजू नये. एकाच विहारात दर रविवारी त्याच उजेडात चित्रण होत असेल तर दर वेळी तीच दुरुस्ती नव्याने करणे हा वेळेचा अपव्यय आहे. एकदा शांतपणे बसून पांढरा रंग, उजेड आणि त्वचेची रेषा जुळवावी आणि तेच साठवावे. रिझॉल्व्हमध्ये चित्राच्या खिडकीवर उजवे बटण दाबून 'स्टिल' घ्यावे आणि ते गॅलरीतील 'पॉवरग्रेड' मध्ये ठेवावे, म्हणजे पुढच्या प्रत्येक प्रकल्पात ते मिळते. केडेनलाइव्हमध्ये क्लिपवरील परिणामांचा पूर्ण संच नाव देऊन साठवता येतो. नाव 'सुंदर १', 'सुंदर २' असे देऊ नये. 'विहार-रात्र-ट्यूबलाइट', 'मिरवणूक-दुपार-ऊन' असे द्यावे, म्हणजे मंडळातील दुसऱ्या मुलालाही ते उपयोगी पडते.

हे साठवलेले संच मंडळाच्या डिस्कवर असावेत, एका मुलाच्या मोबाईलमध्ये नव्हे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ५९ अॅप्सवर बंदी घातली, त्यात व्हिवा व्हिडिओ हे संपादनाचे अॅपही होते. ज्यांचे अर्धवट काम आणि साचे त्यातच होते त्यांना ते दुसरीकडे उघडता आले नाहीत. मूळ चित्रण मात्र ज्यांनी वेगळे ठेवले होते त्यांचे काही बिघडले नाही. तेव्हा प्रत्येक कार्यक्रमासाठी एक फोल्डर, त्यात 'मूळ' आणि 'संपादित' असे दोन भाग, आणि सोबत एक साधी मजकुराची फाइल ठेवावी : कार्यक्रमाचा दिनांक, ठिकाण, चित्रण कोणी केले, कोणते प्रीसेट किती प्रमाणात लावले. या फोल्डरची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्या घरी ठेवावी आणि वर्षातून एकदा, जयंतीच्या तयारीला बसण्यापूर्वी, दोन्ही डिस्क उघडून पाहाव्यात.